हौसेची गाडी, हिशेबाने

बचत गटांच्या या कार्यक्रमात आपण नेहमी कर्ज, हप्ते, शिलाई मशीन, शेळ्या, पीक विमा अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. सेकंडहॅन्ड चारचाकी गाडी कशी निवडायची, आणि तीही हौसेने स्वतः चालवण्यासाठी.

गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांतून हा प्रश्न आमच्यासमोर पुन्हा पुन्हा आला. "ताई, लायसन्स काढलं. नवी गाडी घ्यायची ऐपत नाही. जुनी कोणती घेऊ?" आम्ही उलट विचारतो, "कशासाठी घ्यायची?" बैठकीत उत्तर येतं, "मुलांच्या शाळेसाठी." "सासूबाईंना दवाखान्यात न्यायला." "पापडाचे डबे बाजारात पोचवायला." बैठक संपते, आणि बाहेर चपला घालताना तीच बाई हळूच म्हणते, "खरं सांगू का, मला चालवायला फार आवडतं हो."

तर मैत्रिणींनो, हे चपला घालतानाचं कारण बैठकीतही मोठ्याने सांगा. आज आम्हाला मुख्य सांगायचं आहे ते हेच. कारण दुसरंच काहीतरी सांगून घेतलेली गाडी बहुतेक वेळा चुकीची निघते.

ते कसं, ते ऐका. तुम्ही म्हणालात की सगळं घर बसलं पाहिजे, सामानही बसलं पाहिजे. मग मालक, दीर, भाऊजी सगळे मिळून सात माणसांची एखादी जुनी डिझेल गाडी बघून येतात. स्वस्तात मिळाली म्हणून सगळे खूश. गाडी लांबलचक आणि जड, आपल्या आळीत वळत नाही, मागे घेताना हात कापतात. दोन वेळा कोणीतरी बाहेरून ओरडतं, "राहू दे, मी घेतो मागे." तीन महिन्यांत किल्ली मुलाच्या नाहीतर दिराच्या खिशात जाते. हप्ता मात्र तुमच्या नावावर. हे आमच्या गटांत एकदा नाही, अनेकदा घडलं आहे. म्हणून आधी स्वतःशी कबूल करा, की मला चालवायला आवडतं आणि मी ही गाडी चालवणार आहे. आवडीने चालवण्यात लाजण्यासारखं काही नाही. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनेच केला होता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्त्सहाइमला म्हणजे शंभरेक किलोमीटर मोटार चालवत गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीला लावायच्या पिनेने मोकळी केली. तेव्हा हा नाद बायकांना नवा नाही.

आता चालवायला मजा येणारी गाडी म्हणजे कोणती? पुष्कळांना वाटतं की मजा म्हणजे वेग, आणि वेग म्हणजे मोठं इंजिन, मोठा पैसा. आपल्या रस्त्यांवर तसं नसतं. कराडहून पाटण, कोयनानगर करत चिपळूणकडे निघालात की कुंभार्ली घाट लागतो. त्या घाटात ताशी तीस-चाळीसच्या वर जाता येत नाही, जाऊही नये. तरी ज्यांना आवडतं त्यांना तिथेच खरी मजा येते. वळणाआधी गाडी हळू करायची, दुसरा गिअर टाकायचा, स्टिअरिंग वळवलं की गाडीचं तोंड लगेच वळलं पाहिजे, आणि वळण संपता संपता पाय दिला की गाडीने न कुरकुरता चढ ओढला पाहिजे. हे जी गाडी करते ती मजेची.

यासाठी चार गोष्टी लागतात. पहिली, वजन कमी. हलकी गाडी लहान इंजिनावरही चपळ पळते, लवकर थांबते, टायर आणि ब्रेकही कमी खाते. दुसरी, स्टिअरिंग. हात हलवला की चाक किती वळलं ते हाताला कळलं पाहिजे. तिसरी, गिअर आणि क्लच. गिअर अडकत नाही, क्लच पायाला हलका आहे, असं पाहिजे. हाताने गिअर टाकण्यातली मजा वेगळीच असते. पण गुडघा दुखत असेल तर ऑटोमॅटिक घ्या, त्यात कमीपणा नाही. चौथी, बसायची जागा. पाय क्लचवर पूर्ण पोचले पाहिजेत आणि बोनेटच्या पुढचा रस्ता दिसला पाहिजे. आपल्यातल्या बऱ्याच जणी पाच फुटांच्या आसपास आहोत. सीट वरखाली होते का, हे आपल्या दृष्टीने गाडीच्या रंगापेक्षा महत्त्वाचं आहे. उशी घेऊन गाडी चालवायची वेळ येऊ नये.

आता हिशेब. समजा तुमच्याजवळ सगळे मिळून ३ लाख रुपये आहेत. तर ३ लाखांची गाडी बघायला जाऊ नका. २ लाख ४० हजारांपर्यंतची बघा आणि ६० हजार बाजूला ठेवा. जुनी गाडी घरी आली की पहिल्या दोन महिन्यांत काहीतरी मागतेच. चार टायर, बॅटरी, क्लच प्लेट, सगळी तेलं आणि फिल्टर, शिवाय विमा आणि नावावर करण्याचा खर्च. सगळं एकदम निघालं तर हे ६० हजार सहज लागतात. नाही निघालं तर पैसे तुमचेच आहेत. आम्ही पाहिलं आहे, सगळा पैसा गाडीत घालणारी बाई पुढे घासलेल्या टायरांवर वर्ष काढते. मग घाटात मजा कुठली, नुसती धाकधूक.

महिन्याचा खर्चही मांडा. महिन्याला ५०० किलोमीटर चालवली आणि गाडीने लिटरला १६ चं ॲव्हरेज दिलं, तर ३१ लिटर पेट्रोल लागतं. १०५ रुपये दर धरला तर सव्वातीन हजार रुपये. विमा आणि सर्व्हिसिंगचे वर्षाचे १८ हजार धरा, म्हणजे महिन्याला दीड हजार. झाले पावणेपाच हजार. त्यात कर्ज असेल तर हप्ता. १ लाख रुपये वर्षाला १२ टक्क्यांनी २ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ४,७०० रुपये बसतो. म्हणजे महिन्याला साडेनऊ हजारांच्या आसपास. एवढे पैसे घरखर्चाला धक्का न लावता निघतात का, ते आधी वहीत मांडा. तीन महिने तेवढी रक्कम वेगळी टाकून बघा. टाकता आली तर गाडी परवडते. नाही आली, तर अजून सहा महिने बचत करा. जुन्या गाडीचा भाव सहा महिन्यांत वाढत नाही, झाला तर कमीच होतो.

गटाच्या कर्जाबद्दलही सांगतो. गटाचा अंतर्गत दर शेकडा दोन असेल, म्हणजे वर्षाला २४ टक्के, तर तेच १ लाख २ वर्षांत फेडताना हप्ता सुमारे ५,३०० होतो आणि व्याज जवळजवळ २७ हजार जातं. १२ टक्क्यांत ते १३ हजार असतं. गटाचं व्याज गटातच राहतं हे खरं. पण गटाची थैली एका गाडीत अडकली, की दुसऱ्या बहिणीला बियाण्याला किंवा बाळंतपणाला पैसे उरत नाहीत. म्हणून आमच्या गटांत आम्ही असं ठरवलं आहे, की गाडीला गटातून कर्ज द्यायचं तर थोडंच द्यायचं, आणि सगळ्यांची गरज भागल्यावर द्यायचं. अर्जात कारण मात्र खरं लिहायचं. "चालवण्याची आवड" असं लिहिलेला अर्ज आम्ही हसून बाजूला ठेवत नाही. ती फेडणार कशी, एवढंच विचारतो. बँकेत जात असाल तर एक लक्षात ठेवा, फार जुन्या गाडीला बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत. त्यामुळे गाडी पक्की करण्याआधी बँकेत विचारा.

आता तुम्ही वाट बघत असलेला भाग. कोणती गाडी?

सगळ्यांत आधी नाव येतं स्विफ्टचं. मारुतीने ही गाडी २००५ साली आणली. २०११ मध्ये तिचं दुसरं रूप आलं आणि २०१८ मध्ये तिसरं. तिसरी स्विफ्ट वजनाने बरीच हलकी, नऊशे किलोच्या आत. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन पाय दिला की आनंदाने फिरतं, आणि स्टिअरिंग चपळ. आपल्या पैशांत सहसा दुसऱ्या रूपातली पेट्रोल स्विफ्ट बसते. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, कुठलाही मेकॅनिक हात लावतो, आणि उद्या विकायची झाली तरी गिऱ्हाईक मिळतं. तोटा असा की मागणी असल्यामुळे भाव चढा असतो, आणि बऱ्याच गाड्या टॅक्सीसारख्या पळवलेल्या असतात.

पैसे दोन लाखांच्या आत असतील तर अल्टो के-टेन बघा. साध्या अल्टोच्या अंगात १ लिटरचं इंजिन. गाडी इतकी हलकी की दोघी बसून घाट चढताना तुम्हालाच नवल वाटेल. आत जागा कमी, आवाज जास्त, आणि पत्रा पातळ. मोठ्या हायवेवर रोज जायचं असेल तर आम्ही हिची शिफारस करणार नाही.

होंडाची ब्रिओ ही विसरली गेलेली गाडी आहे. २०११ मध्ये आली, २०१९ पर्यंत बंद झाली. १.२ लिटरचं इंजिन, ८८ हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद, आणि अंगाने अगदी आटोपशीर. अरुंद गल्लीत वळवायला सोपी. डिकी मात्र नावाला आहे. पापडाचे डबे न्यायचे असतील तर मागची सीट पाडावी लागेल.

फोर्ड फिगो चालवणाऱ्या लोकांची लाडकी. रस्ता धरून चालते, स्टिअरिंग हाताशी बोलतं. फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे जुनी फिगो त्याच वयाच्या स्विफ्टपेक्षा सहसा स्वस्त पडते. घेण्याआधी एकच काम करा. सर्वांत जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि नेहमीचे भाग मिळायला किती दिवस लागतात, ते फोन करून विचारा. उत्तर समाधानाचं असेल तरच पुढे जा. आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनलेली फियाट पुंटो हिचीही तीच गोष्ट. चालवायला सुरेख, पण कंपनीचा इथला पसारा आवरलेला. चांगला, पुंटो माहीत असलेला मेकॅनिक हाताशी असेल तरच तिच्या वाटेला जा.

पोलो चाकणला बनायची, २०२२ मध्ये बंद झाली. दार लावताना येणारा तो भरीव आवाज ऐकून बरेच जण भुलतात. पण नुसतं पोलो नाव बघू नका. तिचं साधं १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन गाडीच्या वजनाला अपुरं पडतं, चढावर सुस्त वाटतं. मजेची आहे ती टर्बो इंजिनाची. तिच्यातल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम निघालं तर एकाच फटक्यात तुमचे राखून ठेवलेले ६० हजार आणि वर आणखी जाऊ शकतात. हौस असली तरी ही जोखीम हप्ता भरणाऱ्या बाईने घेऊ नये, असं आमचं मत आहे.

डिझेल घ्यावी का? स्विफ्टचं किंवा पुंटोचं १.३ डिझेल टर्बो धरू लागला की जोरात ओढतं, ते आवडणारेही पुष्कळ आहेत. पण जुन्या डिझेलचा इंजेक्टर, टर्बो, पंप यांचं काम महाग. महिन्याला पाचशे-सातशे किलोमीटर चालवणाऱ्या बाईला पेट्रोलच बरं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या आदळून तपासल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. पोलोही त्यात होती. तीच पोलो दोन एअरबॅगांसह तपासली तेव्हा तिला चार तारे मिळाले. म्हणून एकाच नावाची, एकाच वर्षाची दोन वाहनं समोर असतील तर एअरबॅग आणि एबीएस ब्रेक असलेली घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालवणाऱ्यासाठी एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत हे सहसा वरच्या, महाग प्रकारांतच असे. एअरबॅग खरोखर जागेवर आहे का ते बघायला किल्ली फिरवा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. दिवा लागलाच नाही, किंवा लागून तसाच राहिला, तर काहीतरी गडबड आहे. आणि पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, मागे बसणाऱ्यांनीही नाही.

आता गाडी बघायला जाताना काय करायचं ते नीट ऐका. कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

एक, दिवसा उजेडी जा. पावसात आणि रात्री पत्रा सगळा सारखाच चमकतो.

दोन, मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बोनेटला हात लावा. गरम असेल तर गाडी मुद्दाम तापवून ठेवली आहे. थंड इंजिनच आपले खरे दुखणे सांगते. सुरू करताना मागे एकीला उभी करा. निळसर धूर येत राहिला तर इंजिन तेल खातंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर पाणी आत जातंय. अशी गाडी सोडून द्या.

तीन, दारं, बोनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा. बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर तो भाग कधीतरी उघडला आहे. कारण विचारा. अपघात लपवणाऱ्याकडून गाडी घेऊ नये.

चार, टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. मालक म्हणतो गाडी फक्त ३० हजार चालली, पण टायर बदललेले, क्लचचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं चकाकतंय, तर मीटर मागे फिरवला असण्याची शक्यता आहे. सर्व्हिसची बिलं मागा. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात असेल तर तिथे प्रत्येक वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात.

पाच, पुरात बुडालेली गाडी ओळखा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या सांगली-कोल्हापूर भागात कितीतरी वाहनं पाण्याखाली गेली. अशी गाडी धुऊनपुसून विकायला आली तर वरून काही कळत नाही. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाचा डाग दिसतो. पायाखालची मॅट आणि खालचं कार्पेट उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, वास घ्या. कुबट वास किंवा गाळ असेल तर दर कितीही कमी असो, नको. पाणी गेलेली वायरिंग पुढे वर्षानुवर्षे त्रास देते.

सहा, गाडी स्वतः चालवा. हे फार महत्त्वाचं. पुष्कळदा असं होतं की गाडी नवरा चालवून बघतो, आणि बाई शेजारी बसून एसी थंड आहे का एवढं बघते. गाडी तुम्ही चालवणार, तर चाचणीही तुम्हीच घ्या. निदान अर्धा तास. रेडिओ बंद, काच खाली. खडबडीत रस्त्यावर न्या, चाकांकडून खडखड ऐकू येते का बघा. मोकळ्या सरळ रस्त्यावर हात क्षणभर सैल सोडा, गाडी एका बाजूला ओढते का? मागे कोणी नाही ना बघून ब्रेक जरा जोरात दाबा, सरळ थांबते का? चढावर थांबवून पुन्हा उचला. इंजिन ओरडतंय पण गाडी हलत नाही, तर क्लच प्लेट गेली. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडा, गिअर आपोआप निसटता कामा नये. शेवटी एका अरुंद गल्लीत वळवून मागे घ्या. हे सगळं करताना तुम्हाला मजा आली का, की घाम फुटला? ते तुमचं तुम्हालाच कळेल, दुसऱ्या कोणाला नाही. गाडी ठाकठीक आहे पण मजा आली नाही, तर ती दुसऱ्या कोणासाठी चांगली गाडी आहे. पुढची बघा.

सात, मन बसलं तरी त्याच दिवशी पैसे देऊ नका. आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला त्याची फी देऊन गाडी दाखवा, आणि तो विकणाऱ्याच्या ओळखीतला नको. त्याने सांगितलेला खर्च भावातून वजा करून मागा.

आता कागद. मूळ आरसी बघा. त्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. विकणाऱ्याचं नाव आणि आरसीवरचं नाव एकच आहे ना? गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवायचा. परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकून विमा, पीयूसी आणि दंडाची चलनं बघा. थकलेली चलनं विकणाऱ्यानेच भरायची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ५-५ वर्षांसाठी वाढवावी लागते आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. म्हणजे २०१२ ची गाडी घेताना २०२७ चा खर्च डोळ्यांसमोर ठेवा.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते म्हणून कोणी सांगेल. दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांना १० आणि पेट्रोल गाड्यांना १५ वर्षांची मर्यादा घातली गेली, त्यामुळे तिथल्या गाड्या कमी भावात बाहेर येऊ लागल्या. पण परराज्यातल्या गाडीला तिथलं ना-हरकत पत्र, इथला कर, नवा नंबर हे सगळं लागतं. तो खर्च आणि हेलपाटे धरले की स्वस्ताई बरीचशी संपते.

व्यवहार ठरला की फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या होतात. तिथे थांबू नका. "सह्या झाल्यात ताई, नावावर नंतर करा," असं एजंट म्हणेल. नंतर म्हणजे कधीच नाही. थोडे पैसे राखून ठेवा आणि गाडी नावावर झाल्यावर द्या. विमाही १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला अर्ज करा. तो जुन्या नावावर राहिला आणि गाडी ठोकली, तर नुकसानभरपाई मिळताना अडचण येते. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे विम्याचा हप्ता थोडा वाढेल, तोही हिशेबात धरा.

आणि नावावर म्हणजे तुमच्या नावावर. पैसा तुमचा, हप्ता तुमचा, तर आरसीवर नावही तुमचंच. यात कोणाचा अपमान नाही. घरातल्यांनी गाडी वापरावी, जरूर वापरावी. पण विचारून. दोन किल्ल्या असतात, त्यातली एक कायम तुमच्याजवळ. आठवड्यातला एक वेळ तुमचा ठरवून घ्या, अगदी रविवारची सकाळ असली तरी चालेल. कारण चालवली नाही तर हात जातो, आणि हात गेला की भीती येते.

गाडी बघायला एकटी जाऊ नका. गटातल्या तिघी-चौघी मिळून जा. एक बोलेल, एक धूर बघेल, एक कागद वाचेल. आम्ही दुभती म्हैस घ्यायला बाजारात अशाच जातो की नाही? दात बघतो, कास बघतो, दूध काढून बघतो, आणि घासाघीस करतो. तीच नजर गाडीला लावायची. ती नजर आपल्याकडे आहेच.

तुमच्यापैकी कोणी जुनी गाडी घेतली असेल, चांगला किंवा वाईट अनुभव आला असेल, तर गटाच्या बैठकीत येऊन सांगा किंवा केंद्रावर चिठ्ठी पाठवा. चाचणीची ही सगळी यादी एका कागदावर उतरवून आम्ही प्रत्येक गटाच्या वहीत लावत आहोत. गाडी बघायला निघालात तर तो कागद बरोबर न्या. आणि चालवताना मोबाइल पर्समध्ये ठेवा.